ठसा वाचा, मग पाकीट उघडा: १९४० ते १९७० मधले स्टर्लिंग चार्म्स कसे जमवावेत

माझ्या संग्रहातला पहिला चार्म (ब्रेसलेटला अडकवायचं चिमुकलं लटकन) म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान असं चांदीचं चर्च. बर्मिंगहॅमजवळच्या एका रविवारच्या कार-बूट बाजारात (लोक मोटारीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो), बटणांनी भरलेल्या बिस्किटाच्या डब्यात ते सापडलं. नखाने सहज उचकटून पाहिलं तर एक बाजू बिजागरीवर उघडली आणि आत नवरा, नवरी आणि पाद्रीबाबा उभे! विकणाऱ्या आजोबांनाही ते उघडतं हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन भिंगाखाली धरलं तेव्हा काठाला लागून अगदी बारीक ठसे दिसले: चालणारा सिंह, नांगर आणि ‘एन’ हे अक्षर. सिंह म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि त्या काळच्या मालिकेतला ‘एन’ म्हणजे १९६२-६३. इतक्या इवल्या वस्तूने आपलं गाव आणि जन्मवर्ष सांगितलं याचं मला इतकं अप्रूप वाटलं की तेव्हापासून हा नाद सुटलेला नाही.

आपल्याकडे लहान मुलाच्या करगोट्यात घुंगरू आणि ताईत ओवतात, त्याच जातीचा हा प्रकार. साखळीच्या ब्रेसलेटमध्ये एकेक लटकन अडकवत जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत ब्रिटन-अमेरिकेत याची लाटच आली होती. परदेशी गेलेले सैनिक येताना चार्म आणत, पर्यटक प्रत्येक गावाची खूण म्हणून घेत. मुलीला वाढदिवसाला ब्रेसलेट मिळे आणि पुढे परीक्षा, नोकरी, लग्न, बाळ अशा प्रत्येक टप्प्यावर एक चार्म वाढे. इंग्लंडमध्ये एकविसाव्या वर्षी किल्ली द्यायची रीत होती, म्हणून ‘२१’ लिहिलेल्या किल्ल्या आजही ढिगाने मिळतात. ढिगाने मिळतात म्हणूनच त्यांना मोल कमी.

आधी कुंपण घाला

नवखा माणूस दिसेल ते घेतो. मीही घेतलं. वर्षभरात माझ्याकडे चाळीस चार्म्स होते आणि त्यांतले तीस आज मी फुकटही घेणार नाही. म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, कुंपण घालण्याचं. एक देश किंवा एक विषय किंवा एक कारागीर धरा.

नवशिक्यांना मी ब्रिटिश ‘उघडणारे’ चार्म्स सुचवते. उघडणारा टेलिफोन बूथ, इंग्रजी बालगीतातली बुटाच्या घरात राहणारी म्हातारी, नोहाची नौका आणि अर्थात चर्च. यांवर ठसे असण्याची शक्यता बरी असते, मजाही जास्त आणि नूव्हो या ब्रिटिश कंपनीचा माल शोधता शोधता नजर तयार होते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हलणाऱ्या भागांचे चार्म्स घ्यावेत: फिरणारी डायल असलेला फोन, सरकणारा टाइपरायटर. न्यू यॉर्कच्या वॉल्टर लॅम्पलच्या कंपनीने या प्रकारात फार सुंदर काम केलं आहे.

आणखी एक गमतीचा पोटविभाग आहे. काच बसवलेल्या चिमुकल्या चांदीच्या डबीत घडी घातलेली खरी नोट आणि बाहेर लिहिलेलं असतं की अडीनडीला काच फोडा. दहा शिलिंगांची नोट नोव्हेंबर १९७० मध्ये चलनातून गेली, तेव्हा ती असलेली डबी साधारण त्याआधीची. नोटेवर राणीचं चित्र डोकावत असेल तर १९६१ किंवा त्यानंतरची, कारण दहा शिलिंगांवर राणी आली ती त्या वर्षी. मात्र नोट कुणी मागाहून बदललेली असू शकते. डबीचा ठसा आणि नोट एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं.

सामान थोडंच लागतं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, लहान लोहचुंबक, छोटी टॉर्च आणि वही. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. उलटं करणारे बाजारात लांबूनच ओळखू येतात आणि त्यांना भाव जास्त सांगितला जातो.

ठसे वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. पण ‘स्टर्लिंग’ हे प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने लिहिलं आहे.

ब्रिटनपासून सुरू करू. पूर्ण हॉलमार्कमध्ये, म्हणजे अधिकृत ठशांच्या संचात, कारागिराची आद्याक्षरं, शुद्धतेची खूण (इंग्लंडात सिंह), चांदी तपासून ठसा मारणाऱ्या कचेरीची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. लंडनची खूण बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमचा नांगर, एडिंबरोचा किल्ला. बर्मिंगहॅम समुद्रापासून इतकं दूर, मग नांगर कुठून आला? १७७३ मध्ये शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या दोन्ही गावांना तपासणी कचेऱ्या मिळाल्या. त्यासाठी लंडनला खेपा घालणारी मंडळी ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत भेटत, म्हणून एकाने मुकुट घेतला नि दुसऱ्याने नांगर, अशी गोष्ट सांगतात. शेफील्डचा चांदीवरचा मुकुट १९७४ पर्यंत चालला, नंतर गुलाब आला. तेव्हा सिंहाशेजारी मुकुट दिसला की चार्म १९७५ च्या आधीचा.

बंद पडलेल्या कचेऱ्या तर संग्राहकाचे मित्रच. चेस्टरची कचेरी (तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार) १९६२ मध्ये बंद झाली, ग्लासगोची (झाड, मासा, घंटा) १९६४ मध्ये. ते ठसे असलेली वस्तू त्यानंतरची असूच शकत नाही. १९५३ च्या राज्याभिषेकानिमित्त १९५२ ते १९५४ या काळात राणीच्या मुखड्याचा जादा ठसाही मारून घेता येत असे. राज्याभिषेकाच्या सोनेरी बग्गीच्या चांदीच्या चार्मवर तो ठसा असला तर ती बग्गी मी वजन न विचारता घेते.

वर्षाच्या अक्षरांत एक मेख आहे. प्रत्येक कचेरीची मालिका वेगळी. बर्मिंगहॅमची मालिका १९५० मध्ये ‘ए’पासून सुरू झाली, पण त्याआधीचीही १९२५ मध्ये ‘ए’पासूनच सुरू झाली होती. अक्षर एकच, पण त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार वेगळा. शिवाय १९७५ पूर्वी बर्मिंगहॅममध्ये अक्षर जुलैत बदले, म्हणून आपण १९६२-६३ असं जोडवर्ष लिहितो. १९७५ पासून सगळ्या कचेऱ्यांनी जानेवारीत एकच अक्षर बदलायला सुरुवात केली.

आता ‘९२५’ या आकड्याबद्दल. लोकांना वाटतं हा जुनेपणाचा पुरावा. ब्रिटिश मालावर बहुतेक वेळा उलटंच असतं. तिथे आकडी शुद्धता सक्तीची झाली १९९९ मध्ये आणि सिंह ऐच्छिक झाला. म्हणजे लंबगोलात ९२५ दिसला तर बहुधा वस्तू नवी. अपवाद आयात मालाचा: बाहेरून आलेल्या चांदीवर १९०४ पासून दशांश चिन्हासह हा आकडा मारत, पण मग सोबत कचेरीची वेगळी आयात-खूण असते, बर्मिंगहॅमसाठी त्रिकोण.

आणि पुष्कळ ब्रिटिश चार्म्सवर यातलं काहीच नसतं, फक्त ‘सिल्व्हर’ एवढा शब्द असतो. घाबरू नका. वस्तू इवली आणि हलकी, चार ठसे मारायला जागाच नसते. १९७५ पासून तर ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्कची सक्तीच नाही. अशा चार्मची पारख घडणीवरून करावी लागते.

अमेरिकेत सरकारी तपासणी कचेरी नाही. तिथे कारखानदार स्वतःच ‘स्टर्लिंग’ हा शब्द कोरतो आणि खोटं कोरलं तर १९०६ चा कायदा आड येतो. १९६१ च्या दुरुस्तीने शुद्धतेच्या ठशाबरोबर कारखानदाराची खूणही असली पाहिजे असं ठरवलं. म्हणून नुसतं ‘स्टर्लिंग’ लिहिलेला, नाव नसलेला अमेरिकी चार्म बऱ्याचदा त्याआधीचा निघतो. याला पुरावा म्हणू नका, इशारा म्हणा. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोचा वेल्स, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचे बो आणि डेनक्राफ्ट ही कारखान्यांची नावं वारंवार भेटतील. युद्धकाळातली फुगीर बदामं (हृदयाच्या आकाराचे चार्म्स), ज्यांवर प्रियकराचं नाव कोरलेलं असे, ती याच अमेरिकी परंपरेतली. ती आतून पोकळ असतात, तेव्हा दाबून पाहायचा मोह आवरा.

मेक्सिकोतल्या तास्कोच्या चांदीवर १९४८ च्या सुमारापासून गरुडाचा ठसा येतो, पोटात आकडा असलेला. तिथे ९२५ आणि ९८० हे आकडे चाळिशीतही होते, म्हणजे वरचा ब्रिटिश नियम इथे लावायचा नाही.

‘सियाम स्टर्लिंग’ लिहिलेले काळ्या पार्श्वभूमीवरचे नाचरे चार्म्स पाहिले असतील. त्यांवर हातात तेजस्वी मणी धरलेली मेखला ही विजेची देवता फार वेळा असते आणि नाव ऐकून आपल्याला ती लगेच घरची वाटते. सियामचं थायलंड झालं १९३९ मध्ये, म्हणून विक्रेते छातीठोकपणे ‘१९३९ पूर्वीचा’ म्हणतात. देशाचं नाव बदललं तरी ठशातलं ‘सियाम’ पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. बहुतेक माल युद्धानंतर पर्यटकांसाठी झालेला आहे.

जर्मनीत झालेल्या, गावांची चित्रं असलेल्या रंगीत मिन्याच्या ढाली बऱ्याचदा ८०० किंवा ८३५ च्या असतात, नॉर्वेच्या जुन्या वस्तूंवर ‘८३० एस’ दिसतं. सुंदर असतात, मीही जमवते. पण विक्रेत्याने त्यांना स्टर्लिंग म्हटलं तर आकड्यावर बोट ठेवा आणि भाव उतरवा.

नाण्यांच्या चार्म्सना ठसा लागत नाही, सालच पुरे. ब्रिटिश चांदीची नाणी १९२० पूर्वी स्टर्लिंग होती, १९२० ते १९४६ मध्ये निम्मी चांदी, १९४७ पासून चांदी शून्य.

खरं की खोटं

लोहचुंबक चिकटला तर वस्तू बाद. चिकटला नाही म्हणून चांदी ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (नावातच चांदी, प्रत्यक्षात तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण) चिकटत नाहीत. ‘अल्पाका’ किंवा ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं दिसली तर आत चांदी नाही, फार तर वर पाणी दिलेलं. मुलामा उडतो तो आधी कडीच्या भोकाशी, कारण तिथे घासणी सर्वांत जास्त. टॉर्च मारा, पिवळी किंवा तांबूस कड दिसली की संपलं.

भरीव चार्मची परीक्षा घरीच होते. वजन घ्या. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि चार्म दोऱ्याने पाण्यात असा सोडा की तो बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा जे दाखवेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ३.११ ग्रॅमचा चार्म ०.३० दाखवत असेल तर उत्तर १०.३७ येतं, म्हणजे स्टर्लिंगच्या जवळ. पितळ साडेआठच्या आसपास येतं. पोकळ किंवा उघडणाऱ्या चार्मला हे चालत नाही, आत हवा अडकते. तिथे सराफाकडच्या एक्स-रे यंत्रावर टंच काढून घ्यावा. कसोटीवर घासू देऊ नका आणि आम्लाचा थेंब तर मुळीच नको. दोन ग्रॅमच्या वस्तूवर तो डाग आयुष्यभर राहतो.

जुना चार्म आणि त्याच्यावरून ओतलेली नवी नक्कल यांतला फरक भिंगाखाली कळतो. ठशात दाबून घडवलेल्या जुन्या कामात कडा धारदार, पोत घट्ट. ओतीव नकलेत डोळे-नाक विरघळल्यासारखे, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि मुख्य म्हणजे ठसाही ओतलेला, म्हणून अस्पष्ट. मूळ ठसा चांदीत घुसलेला असतो.

तब्येत तपासा

कडीचं भोक झिजून अंड्याच्या आकाराचं झालं आहे का? बिजागरी सैल आहे की तिथे राखाडी डाक दिसतो? राखाडी डाक म्हणजे कुणीतरी शिशाने दुरुस्ती केली आहे, ती पुढे त्रास देते. मिना असेल तर चार्म तिरका धरून प्रकाशात फिरवा. उडालेला टवका समोरून दिसत नाही. उघडणारा चार्म स्वतःच्या हाताने उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मी एकदा ऑनलाइन एक बूथ घेतला, फोटोत झकास दिसत होता. आला तेव्हा दार डाकाने कायमचं बंद केलेलं. विक्रेत्याने लिहिलेलं खोटं नव्हतं, त्याने ‘उघडतो’ असं म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून मी चार फोटो मागते: ठशाचा, कडीचा, उघडलेल्या स्थितीतला आणि काट्यावर ठेवलेला.

कुठे आणि किती

इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्कचा भव्य बाजार, लंडनचा शनिवारचा पोर्टोबेलो रोड, गावोगावची धर्मादाय दुकानं आणि कार-बूट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये मैदानंच्या मैदानं भरतात. पहाटे जा. लिलावात बोली लावाल तर वर खरेदीदाराचं कमिशन असतं, ते धरून मर्यादा ठरवा. भारतात मागवणार असाल तर टपालखर्च आणि कस्टम्स ड्युटी आधीच मिळवून पाहा. स्वस्तातला चार्म दारात येईपर्यंत दुप्पट होऊ शकतो. त्यापेक्षा लंडन-न्यू जर्सीला असलेल्या भाच्याला यादी पाठवलेली परवडते, फक्त त्याला आधी भिंग घेऊन द्या.

भावाचा तळ मोडीच्या हिशोबाने काढा. ३ ग्रॅमचा स्टर्लिंग चार्म म्हणजे सुमारे २.७८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. याच्या खाली समजूतदार विक्रेता देणार नाही. याच्या वर जे देता ते कारागिरी, दुर्मीळपणा, ठसा आणि तब्येत यांचं. ‘२१’च्या किल्लीसाठी मोडीपेक्षा फार वर जाऊ नये, चालू स्थितीतल्या, ठसा असलेल्या उघडणाऱ्या चर्चसाठी कितीतरी पट वर गेलं तरी वावगं नाही.

चांदी चढते तेव्हा या इवल्या वस्तूंवर संक्रांत येते. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि घराघरातली जुनी चांदी भट्टीत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भावाने तोही आकडा ओलांडला. आता बाजारात काही दुकानदार चार्म न पाहताच मूठभर उचलून काट्यावर टाकतात. तिथे संग्राहकाला संधी असते, आणि घाईही.

अख्खं ब्रेसलेट मिळालं तर

मोह होतो की चांगले चार काढून घ्यावेत आणि उरलेलं विकावं. व्यापारी हेच करतात, कारण सुटे विकून जास्त पैसे येतात. मी आता करत नाही. माझ्याकडे एक ब्रेसलेट आहे: कुलपाच्या आकाराचा बदामी फासा, प्रत्येक कडीवर इवला सिंह. त्यावर टंकलेखन यंत्र, मग ब्लॅकपूलचा मनोरा, नर्सचा दिवा, चर्च, पाळणा, आणि शेवटी स्विस ढालींची रांग. ठसे लावून पाहिले तर चर्च १९५७-५८ चं, पाळणा १९५९-६० चा. तिचं नाव मला ठाऊक नाही, पण नोकरी, लग्न, बाळ आणि उतारवयातल्या सहली एवढं सारं क्रमाने मनगटावर आहे. यातला पाळणा काढून विकायला हात धजत नाही.

तुम्हाला तोडायचंच असेल तर आधी पूर्ण ब्रेसलेटचे पुढून-मागून फोटो काढा आणि क्रम लिहून ठेवा. मूळ कड्या कापू नका. नुसत्या जोडावर उघडणाऱ्या कड्या चिमट्याने एक टोक पुढे, एक मागे असं वळवून उघडायच्या, बाहेर ताणून नाही.

घासू नका

देवाची भांडी चिंच, राखुंडी, रांगोळी लावून लख्ख करायची आपली सवय हाडीमाशी मुरलेली आहे. इथे ती घातक. प्रत्येक घासणीत चांदीचा थर जातो आणि सगळ्यात उथळ गोष्ट, म्हणजे ठसा, सगळ्यात आधी जाते. टूथपेस्टही नको. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, मग सुती कापड, एवढंच. खाचांतला काळेपणा राहू द्या. त्यामुळेच नक्षी उठून दिसते. मिना असेल तर पाण्यात बुडवून ठेवू नका.

आणि चांदी चमकवायचं ते बुडवायचं द्रावण? माझी एक सियामी मेखला मी त्यात टाकली होती. या चार्म्सच्या काळ्या पार्श्वभूमीला निएलो म्हणतात, ते म्हणजे चांदी, तांबं, शिसं यांचं गंधकाबरोबरचं मिश्रण. द्रावणाला काळवंडलेली चांदी आणि हे काळं यांतला फरक कळत नाही. मिनिटभरात देवतेमागचं आकाश करडं, ठिगळं लावल्यासारखं झालं. ती मी जपून ठेवली आहे, नव्या लोकांना दाखवायला.

ठेवताना प्रत्येक चार्म वेगळ्या लहान पिशवीत, आम्लविरहित कागदात. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात.

वहीत प्रत्येकाला क्रमांक द्या: काय आहे, वजन, ठशांचं वर्णन आणि रेखाटन, कुठे आणि कितीला घेतला, विकणाऱ्याने काय सांगितलं. शेवटचा रकाना लोक टाळतात. माझ्या पहिल्या चर्चच्या रकान्यात लिहिलं आहे: “आजोबा म्हणाले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं आहे, तिला चर्चला जायला कधीच आवडलं नाही.”